बाजूची हाळी

श्रीमंत वाघमोडे नावापुरताच श्रीमंत होता. नवा माणूस भेटला की हे तो स्वतःच आधी सांगून टाकायचा, म्हणजे पुढच्याचा विनोद तोंडातल्या तोंडात राहायचा. मंद्रूपच्या खाली, भीमेकडं उतरत जाणाऱ्या काळ्या रानात त्याची मेंढरं फिरायची. खांड फार मोठी नव्हती, पण दोन माणसांना दिवसभर पुरून उरायची.

मेंढरांशी बोलायला त्याच्याकडं निरनिराळ्या हाळ्या होत्या. पाण्यावर न्यायची वेगळी, थांबवायची वेगळी, चुकलेल्या कोकराला आईकडं वळवायची वेगळी. या सगळ्या मेंढरांना कळायच्या. एक मात्र मेंढरांसाठी नव्हतीच, ती माणसासाठी होती. थंडीत शाळू डोक्याला लागला की दोन्हीकडच्या पिकांमधून एक पाणंद तेवढी मोकळी राहते. तिच्यातून खांड न्यायची तर एकानं पुढं चालायचं आणि एकानं कडेला राहायचं. पुढच्याला दिसतं की अमकी मेंढी मान लांब करून पिकाकडं वळली, पण त्याचे हात तिथं पोचत नाहीत. मग तो छातीतून एकच आवाज काढतो, "ह्योऽ!" म्हणजे ह्यो गेला, बाजू धर. कडेच्यानं विचार करायचा नाही, उठायचं आणि धावायचं. विचार करेपर्यंत मेंढीचं तोंड ताटाला लागलेलं असतं, आणि एक शिरली की सगळ्या शिरतात. मेंढरांचा स्वभावच तसा, आणि त्यांना नावं ठेवणाऱ्या माणसांचाही फार वेगळा नाही.

त्याचा पोरगा बिरुदेव शाळेत जायच्या आधी ही बाजू धरायला शिकला. अंगात नुसता सदरा होता तेव्हापासून. तो सावलीत झोपलेला असला तरी हाळी आली की आधी त्याचे पाय उठायचे आणि डोळे मागाहून उघडायचे. एकदा पोर तापानं फणफणत घोंगड्यात पडलं होतं आणि बाहेर श्रीमंतानं शेजारच्या मेंढक्याला हाळी दिली, तर हे घोंगडं टाकून अनवाणी बांधापर्यंत पळत गेलं. त्या दिवशी फुलाबाईनं नवऱ्याला जे ऐकवलं ते ऐकायला सगळी वस्ती गोळा झाली होती. श्रीमंताला मात्र आतून बरं वाटलं होतं. पोरगं तयार झालं, असं त्याला वाटलं.

पोरगं तयार झालं होतं, पण ते हेरलं दुसऱ्यानंच. शाळेतले तिप्पण्णा सर खो-खोचा संघ बांधत होते. आठ जण ओळीत एकाआड एक उलट्या तोंडांनी बसलेले, नववा पाठलागावर. त्यानं बसलेल्याच्या पाठीवर हात मारून खो म्हणायचं, बसलेल्यानं उठून पळणाऱ्याच्या मागं लागायचं, आणि खो देणाऱ्यानं त्याच्या जागी बसायचं. सर पुढं गावभर सांगत फिरायचे की बाकीची पोरं खो ऐकून उठतात आणि हा बिऱ्या खोबरोबर उठतो. ही चपळाई आली कुठून, हे त्यांनी कधी विचारलं नाही. देवाची देणगी म्हटलं की मास्तर लोकांचा शोध तिथंच संपतो.

श्रीमंताला हा खेळ पटला नव्हता. वाघमोड्यांच्यात कुस्ती करणारे झाले होते. त्यात हाडं मोडली तरी पोटात खुराक जातो, असं तो म्हणायचा. खो-खो त्याच्या लेखी पोरींचा खेळ होता. पण शाळा सुटली तरी बिरुदेवचा खेळ सुटला नाही. तालुका झाला, जिल्ह्याचा कुमार गट झाला, मग तो मंद्रूपच्या मंडळाकडून मोठ्यांच्यात खेळू लागला. यंदा सरांनी घरी येऊन सांगितलं की पोराची नजर आता राज्याच्या शिबिरावर हाय. तिथून पुढं टीव्हीवर दिसणारे संघ असतात, ते मॅटवर खेळतात. मॅट म्हणजे काय, असं श्रीमंतानं विचारलं. जाड सतरंजी समजा, सर म्हणाले. सतरंजीवर पळायला एवढा खटाटोप, असं मनात येऊनही तो गप्प राहिला, कारण फुलाबाई चहा घेऊन उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर आधीच शिबिर दिसत होतं.

अडचण एकच होती, सामन्यांचा मोसम आणि शाळूचा मोसम एकच. पीक उभं असताना कडेला माणूस लागतोच, आणि नेमका तेव्हाच बिरुदेव मैदानावर लागायचा. मग त्यानं दोन्ही केलं. उजाडायच्या आत मैदान, ऊन वर आलं की मेंढरं. खांबाजवळ सूर मारून मारून त्याच्या छातीची सालं निघायची, गुडघ्यांना खपल्या धरायच्या आणि मेंढरांमागं चालताना त्या परत फुटायच्या. फुलाबाई संध्याकाळी हळद-तेल गरम करून लावायची. श्रीमंत लांबून बघत म्हणायचा, मेंढराला जखम झाली तर मी तंबाखू भरतो, ह्याला काय भरू.

जिल्ह्याच्या सामन्यांची शेवटची लढत सोलापूरला होती. समोर वैरागचा संघ. राज्यासाठी पोरं निवडणारे लोक तिथंच खुर्च्या टाकून बसणार होते. फुलाबाईनं आदल्या दिवशीच जाहीर केलं की मेंढरं ती वाघरीच्या जाळीत कोंडून बाभळीच्या शेंगांवर ठेवेल, पण नवऱ्यानं एकदा तरी पोराचा खेळ बघून यायचा. श्रीमंत घोंगडं खांद्यावर टाकून एसटीनं गेला. मैदानाच्या फाटकावरच्या पोऱ्यानं त्याला अडवलं आणि काठी बाहेर ठेवायला लावली. तिथं छत्र्या आणि हेल्मेटं ठेवली होती, त्यांच्यात काठी टेकवून तो मोकळ्या हातांनी आत गेला. हातात काठी नसली की त्याला उघडं पडल्यासारखं वाटायचं. दोरीला पोट लावून तो उभा राहिला.

खेळ त्याला अर्धामुर्धाच कळला. पण हळूहळू एक गोष्ट लक्षात आली आणि तो सावरून उभा राहिला. हे त्याच्याच धंद्यातलं होतं. एक पळतो, त्याला एका अंगानं दाबायचं, दुसऱ्या अंगानं वाट बंद करायची. पळणारा मान कुठं वळवतो ते बघायचं, पाय नाही. वैरागचा तो बारका पोरगा तर सरळसरळ द्वाड मेंढीच होता. मान खाली, नजर तिरपी, आणि वाट मिळाली की गेला.

शेवटचा डाव संपत आला. एक गडी बाद झाला तर मंद्रूप बरोबरीला येत होतं. बिरुदेव खांबापासून दुसऱ्या जागेवर उकिडवा बसला होता, तोंड श्रीमंताच्या बाजूला. मागून गुरुशांत, मंडळाचा कप्तान, पळत येत होता. बारक्या पोरानं त्याला हूल दिली आणि तो मोकळ्या अंगाकडं, दोरीच्या बाजूनं सुटला. श्रीमंताला मैदान दिसेनासं झालं. मान लांब करून शाळूकडं वळलेली मेंढी तेवढी दिसली.

"ह्योऽ!"

बिरुदेव उठला. दोन ढांगांत त्यानं बारक्याच्या खांद्याला हात लावला. लोक ओरडले. श्रीमंतानं शेजारच्या माणसाचा दंड धरून सांगितलं, "माझा हाय त्यो." तेवढ्यात शिट्टी वाजली. पंचाचा हात वर होता. मागं गुरुशांत खो द्यायला उचललेला हात तसाच धरून मोकळ्या जागेसमोर उभा होता.

"तुमचा पोरगा खो मिळायच्या आधीच उठला की, आजोबा," शेजारचा म्हणाला.

गडी बाद धरला गेला नाही. वेळ संपली आणि वैरागची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. बिरुदेवनं पंचाकडं पाहिलं नाही, निवडणाऱ्यांच्या खुर्च्यांकडं पाहिलं नाही. त्यानं गर्दीत नेमकं तिथंच पाहिलं जिथं श्रीमंत उभा होता, आणि नजर काढून घेतली. तेव्हा श्रीमंताला कळलं की आपण काय केलं. तो फाटकातून बाहेर आला आणि काठी न घेताच निघाला, अर्ध्या रस्त्यातून ती आणायला परत गेला.

संघ टेम्पोनं आला, श्रीमंत एसटीनं. घरी कुणीच काही बोललं नाही. बोलायचं काम गावानं उचललं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, हे पहिल्या दिवशी. पुढं त्यात भर पडत गेली. वेशीजवळच्या हाटेलात बापलेक चहाला बसले होते. बिरुदेव पेला ठेवून उठायला लागला तर मागल्या बाकड्यावरच्या कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस की बिऱ्या. अजून खो दिला न्हाय."

सगळं हाटेल हसलं. बिरुदेव खाली बसला. हसणं संपेपर्यंत बसून राहिला, मग उठला आणि गेला. श्रीमंताच्या बशीतला चहा तसाच निवला. एक शब्द बोलला असता तर ते सगळं हसू त्याच्याकडं वळलं असतं, आणि तो शब्द त्याच्यानं निघाला नाही. याची त्याला फार लाज वाटली. पोरानं ही लाज आधीच आपल्या अंगावर घेतली होती, याची त्याहून जास्त.

बिरुदेवनं मैदान सोडलं. निवडणाऱ्यांनी त्याचं नाव बाजूला ठेवलं, असं कानावर आलं. आता तो पहाटेपासून मेंढरांबरोबर असायचा. खरं तर श्रीमंताला हेच हवं होतं. मोसम डोक्यावर, पिकं उभी, आणि कडेला तरणा माणूस. खांड कधी नव्हे इतकी सरळ चालायची. पण एक मेंढी वळली की श्रीमंताची हाळी गळ्यात अडकायची आणि तो स्वतःच धावत सुटायचा. त्याची कंबर जुनी झाली होती, धावल्यावर ती दिवसभर आठवण द्यायची.

"आबा, हाळी का देत न्हाय?" बिरुदेवनं एकदा विचारलं.

घसा धरलाय, असं श्रीमंतानं सांगितलं. पोरानं मान हलवली. दोघांनाही खरं ठाऊक होतं आणि दोघंही मेंढरांकडं बघत राहिले.

घशासाठी फुलाबाईनं ओव्याचा काढा केला. तिच्यापुढं मात्र श्रीमंताला टिकता आलं नाही. काढ्याचा पेला हातात घेऊन त्यानं सगळं सांगितलं. ती चुलीपुढं बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं लाकूड आत सारलं.

"तुमच्या तोंडातनं गेलंय नव्हं, मग तुमच्याच तोंडानं सरांना सांगा."

सांगून काय होणार, असं तो म्हणाला. काय होतंय ते सर बघतील, ती म्हणाली, आणि काढा कडू असतो म्हणून तो तसाच ठेवायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शाळेच्या मैदानावर गेला. सरांनी त्याला खुर्ची दिली, तो जमिनीवर बसला. सांगताना त्यानं मान वर केली नाही. सरांना आधी ते पटेना. एवढ्या कालव्यात बापाचा एक आवाज ऐकून पोरगा उठतो म्हणजे गोष्टच झाली, ते म्हणाले. मग त्यांनी एक पोरगा पाठवून बिरुदेवला बोलावून घेतलं. बापाला चिंचेच्या मागं उभं केलं, बिरुदेवला काहीच न सांगता ओळीत बसवलं आणि डाव सुरू केला. खो मिळत होते, पोरं उठत-बसत होती. सरांनी चिंचेकडं बघून बोट हलवलं.

श्रीमंतानं हाळी दिली. बिरुदेव ताडकन उठून उभा राहिला आणि मैदानात एकटाच उभा असल्याचं त्याला मागाहून कळलं. पोरं हसायला लागली. तिप्पण्णा सर हसले नाहीत. त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि त्या दिवशी सांगितलं का नाही म्हणून विचारलं.

"काय सांगायचं, सर? वडलांनी हाळी दिली म्हणून उठलो, असं? मग सगळी त्यांनाच हसली असती."

श्रीमंत चिंचेच्या मागंच होता. त्याला ते ऐकू आलं. तो तिथल्या तिथं खाली बसला आणि घोंगड्याच्या टोकानं नाक पुसलं.

सर बराच वेळ मैदानात फेऱ्या मारत राहिले. खो आणि ह्यो, दोन्हींत ओच, असं ते स्वतःशीच म्हणाले. मग श्रीमंतापुढं येऊन उभे राहिले. संक्रांतीनंतर वैरागला अजून एक निवड होती. पोराचं पळणं बघून निवडणारे त्याला पुन्हा एकदा उभा करायला तयार होते. पण ही खोड अंगात ठेवून त्याला तिथं नेण्यात अर्थ नव्हता. आज बापानं हाळी दिली, उद्या गर्दीतला कुणीही देईल. मैदानावरची पोरं ऐकून होती, ती गावात सांगणार आणि गावाची गोष्ट वैरागला पोचायला एक बाजार पुरतो.

"रोज सकाळी यायचं, श्रीमंतराव. हाळी द्यायची. त्यो उठेनासा होईपर्यंत."

श्रीमंताला आधी ते नीट समजलं नाही. समजल्यावर तो सरांच्या तोंडाकडं बघतच राहिला. सबंध बालपण खर्चून जे पोराच्या अंगात घातलं ते आता त्याच तोंडानं काढायचं होतं.

पण तो आला. रोज आला. पहिल्या दिवसांत बिरुदेव प्रत्येक हाळीला उठला आणि प्रत्येक वेळी स्वतःला शिव्या देत बसला. सरांनी त्याला सांगितलं की कान बंद करू नको, ते बंद होत नाहीत. पाठीकडं लक्ष ठेव. पाठीवर हात पडल्याशिवाय हलायचं नाही, कुणी देवाच्या नावानं ओरडलं तरी. मग हळूहळू तो अर्ध्यात थांबायला लागला. टाचा उचलायच्या, पण बूड खालीच राहायचं. मग टाचाही राहिल्या आणि नुसता खांदा उडायला लागला. बैलाच्या अंगावर माशी बसल्यावर कातडं थरथरतं, तसा. श्रीमंत त्या खांद्याकडं बघत हाळी द्यायचा आणि तो उडाला की मान खाली घालायचा. आपल्याला बरं वाटतंय की वाईट, हे त्याला समजत नव्हतं.

मग एका सकाळी खांदाही उडाला नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर मात्र कपाळाला आठ्या घालून चिंचेकडं आले.

"ही हाळी न्हाय, श्रीमंतराव. ही आरती झाली. खरी द्या."

श्रीमंत ओशाळला. पोराला जड जाऊ नये म्हणून त्याचा आवाज आपोआप मऊ झाला होता, हे त्याला आत्ता कळलं. खरी हाळी मेंढरांशिवाय येत नाही, असं त्यानं सांगितलं. मग घेऊन या मेंढरं, सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सगळी खांड शाळेच्या मैदानाच्या कडेला आली. फुलाबाई मागून हाकत होती. हेडमास्तर खिडकीतून डोकावले, पण तिप्पण्णा सरांच्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी खिडकी लावून घेतली. शाळेच्या पोरांनी मैदानामागं मेथी आणि वांगी लावली होती. खांडीची म्होरकी काही वेळ सज्जनासारखी उभी राहिली, मग तिनं मान लांब केली.

"ह्योऽ!"

ती खरी हाळी होती. बिरुदेव ओळीतून असा उठला की गुरुशांतला येऊन धडकला आणि दोघंही पडले. म्होरकीला फुलाबाईनं वळवलं, पण तोवर मेथीचा एक वाफा गेला होता. सरांनी तो आपल्या नावावर घेतला. आता बरोबर चाललंय, असं ते म्हणाले.

त्यानंतर खांड रोज येत राहिली. पाणंदीतून जाताना मात्र श्रीमंत हाळी अजूनही देत नव्हता. ती मैदानापुरती ठेवायची, असं त्यानं ठरवलं होतं, आणि वाटेवर कंबर धरून स्वतःच धावत होता. कधी बिरुदेव आपणहून धावायचा, मेंढी दिसली म्हणून. संक्रांतीचे तीळगूळ वाटून झाले तेव्हा म्होरकी वांग्यात शिरायची, श्रीमंत मनापासून ओरडायचा आणि बिरुदेव दगडासारखा बसून राहायचा. त्याच्या मानेवरचा घाम तेवढा खाली ओघळायचा. मग गुरुशांतचा हात पाठीवर पडायचा आणि तो गेलेला असायचा.

वैरागला श्रीमंत गेला नाही. सरांनी बोलावलं होतं, पण फाटकावर काठी ठेवायची म्हणून येत नाही, असं त्यानं सांगून टाकलं. खरं कारण फुलाबाईला ठाऊक होतं. त्या दिवशी वैरागच्या कुणीतरी खरंच गर्दीतून ह्योऽ म्हणून आवाज टाकला, असं गुरुशांतनं येऊन सांगितलं. एकदा नाही, अनेकदा. लोक हसत होते आणि बिरुदेव बसून होता. त्याचं नाव निवडीत आलं. हाटेलात त्या संध्याकाळी मागल्या बाकड्यावरच्यानंच चहा सांगितला.

शिबिराला निघायच्या आदल्या दिवशी बिरुदेव मेंढरांमागं आला. यायची गरज नाही, असं बाप म्हणाला तरी आला. फुलाबाई घरी त्याच्या पिशवीत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी भरत होती. चन्नप्पाच्या शाळूच्या कडेनं खांड चालली होती. चन्नप्पा माणूस वाईट नव्हता, पण पिकाच्या बाबतीत त्याचा बापावरही विश्वास नव्हता. मागं एकदा त्याच्या रानात चार मेंढरं शिरली तर त्यानं आधी कानडीत आणि मग मराठीत अशा दोन हप्त्यांत शिव्या दिल्या होत्या. शाळू आता हुरड्याच्या पुढं गेला होता, कणसं भरून वाकली होती. ऊन उतरायला लागलं होतं. बिरुदेव बांधावर उकिडवा बसून भाकरी खात होता, तोंड पिकाकडं, पाठ वाटेकडं. श्रीमंत खांडीच्या पुढं होता.

त्यानं मागं वळून पाहिलं तर म्होरकीची मान लांब झालेली.

ठरवलं होतं ते सगळं तो विसरला. छातीतून आवाज निघून गेला. "ह्योऽ!"

बिरुदेव हलला नाही. टाच नाही, खांदा नाही. तो भाकरीचा घास चावत राहिला. श्रीमंत वाटेत उभाच राहिला. पोरगं सुटलं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. त्याच दमात त्याला फार वाईटही वाटलं. आता या रानात त्या हाळीला उठणारं कुणीच उरलं नव्हतं. त्यानं ती पुन्हा एकदा दिली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. बिरुदेव बसूनच होता, मैदानावरच्या ओळीत बसल्यासारखा.

तोवर म्होरकी आत शिरली होती आणि तिच्यामागं सगळ्या. ताटं मोडल्याचा आवाज यायला लागला. रानाच्या पलीकडल्या टोकाकडून चन्नप्पा ओरडला, "येनो, काय रे श्रीमंता! झोपलाय का मेलाय?"

श्रीमंत धावला. मेंढरांकडं नाही, बांधाकडं. कंबरेतून कळ निघत होती, घोंगडं कुठंतरी पडलं. बिरुदेवच्या मागं पोचल्यावर त्यानं हात वर उचलला आणि त्याच्या पाठीवर मारला.

"खो!"

हात पाठीवरून उचलायच्या आत पोरगं गेलं होतं. शाळूतून त्याचं डोकं सरसर पुढं जाताना दिसत होतं. त्यानं मेंढरांना पलीकडून वळसा घातला, चन्नप्पाच्या शिव्यांच्या पुढून पळाला आणि खांड दाबत बाहेर आणू लागला. इतकं सुंदर पळताना श्रीमंतानं त्याला कधी पाहिलं नव्हतं. सोलापूरच्या मैदानावर त्याची नजर पोरावर नव्हती, पळणाऱ्या बारक्यावर होती.

त्याला धाप लागली होती. बांधावर अर्धी भाकरी पडली होती, त्याशेजारी पोराच्या टाचांच्या खुणा. खो दिला की देणाऱ्यानं त्याच जागी बसायचं असतं, एवढं त्याला आता ठाऊक होतं. तो तिथं उकिडवा बसला, भाकरीवरची माती झटकली आणि चन्नप्पा पोचायची वाट बघत ती खायला लागला.